‘टिकत नाहीत’ म्हणण्यापूर्वी

गुढीपाडवा जवळ आला की आपल्या वऱ्हाडात गावोगावी सालं ठरू लागतात. शेतकरी आणि सालगडी समोरासमोर बसतात. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, आधी किती द्यायचे आणि उरलेले केव्हा, सुट्टी कोणत्या सणाला, पोळ्याला कपडे आणि बोजारा काय, हे सगळे तोंडी पण स्पष्ट ठरते. जाणता शेतकरी गडी नुसता ठेवत नाही, तो टिकवतो. ऐन पेरणीत गडी निघून गेला तर किती नुकसान होते, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. म्हणून गड्याच्या घरी आजारपण आले, लग्न निघाले, तर तो विचारपूस करतो, चार दिवस सांभाळून घेतो.

या साल पद्धतीत दोषही पुष्कळ आहेत. उचलीच्या ओझ्याखाली माणसाला बांधून ठेवणे हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्या दोषांचे समर्थन मला करायचे नाही. पण ‘माणूस टिकवावा लागतो, तो आपोआप टिकत नाही’ हे शहाणपण त्या पद्धतीत आहे, आणि शेतातून दाल मिलमध्ये, जिनिंगमध्ये, गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर येता येता ते कुठेतरी सांडून जाते. कामावर घेतलेला माणूस आदिवासी असेल तर जास्तच. आज मला बोलायचे आहे ते याच विषयावर.

मी बरीच वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरच्या मुलांना शिकवले. शिकवण्याइतकाच वेळ त्यांना काम मिळवून देण्यात गेला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत कारखानदार, मिस्त्री आणि ठेकेदार यांचे उंबरठे झिजवले. आदिवासी मुलाचे नाव पुढे केले की एक वाक्य हमखास ऐकू यायचे : ‘सर, पोरगं चांगलं हाय, पण हे लोक टिकत नाहीत. खाडे लय करते.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसायचे. त्याचा तसा अनुभव असायचा. पण अनुभव खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही.

आधी आपल्या जिल्ह्याचे चित्र पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ८० हजार, म्हणजे शंभरात साधारण सात. त्यात आंध आहेत, फासेपारधी आहेत, गोंड आहेत आणि इतरही आहेत. गडचिरोली, नंदुरबारसारखे सलग आदिवासी मुलुख आपल्याकडे नाहीत, आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रांतही आपला जिल्हा येत नाही. इथला आदिवासी विखुरलेला आहे. एखाद्या गावाच्या कडेला वीस घरे, दुसऱ्या गावाजवळच्या बेड्यावर दहा. आदिवासी विकास खात्याचे प्रकल्प कार्यालय अकोल्याला, आणि त्याच्याकडे अकोला, वाशीम, बुलडाणा असे तीन जिल्हे. विखुरलेल्या माणसाचा आवाज लहान असतो. तो कामाला आला काय आणि निघून गेला काय, कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुळात तो कामापर्यंत पोहोचतो कसा, तेही पाहायला हवे. लहान गावात जागा भरायची असली तर जाहिरात कोण देतो? मालक आपल्या कामगाराला सांगतो, ‘एखादं पोरगं असलं तर घेऊन ये.’ तो कामगार आपला भाऊ, भाचा, नाहीतर शेजारी घेऊन येतो. यात कुणाला वगळण्याचा हेतू नसतो. पण ज्यांच्या नात्यागोत्यात आधीपासून कुणी कारखान्यात नाही, त्यांच्यापर्यंत ती जागा कधी जातच नाही. मोठ्या शहरात जाहिराती निघतात, तिथेही आडनाव आडवे येते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली. तो अभ्यास दलित आणि मुस्लिम नावांचा होता, आदिवासींचा नव्हता. पण आपल्याकडे ज्याचे आडनाव ऐकताच समोरचा जरा थांबतो, त्याला त्यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता खाड्यांकडे वळू. माझा मुलगा काम सोडून परत आला की मी त्याला रागावत नसे. कारण विचारून ते वहीत लिहून ठेवत असे. मालकालाही विचारत असे. वहीची पाने भरत गेली तशी एक गोष्ट ध्यानात आली. ‘आळस’, ‘कामाची नावड’, ‘रानात हिंडायची सवय’ असली कारणे मालक सांगत. मुलांनी सांगितलेली कारणे अगदी साधी होती आणि तीच ती पुन्हा येत होती. बस, खोली, पगाराची तारीख आणि अपमान. बहुतेक खाडे या चार कोनाड्यांत बसत.

पहिली गोष्ट बसची. मालेगाव तालुक्यातल्या एका आंध मुलाला फॅब्रिकेशनच्या दुकानात लावले होते. काम सुटायचे सात वाजता आणि गावाकडची शेवटची एसटी निघायची सहाला. दोन दिवस तो पायी गेला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही. मी मालकाला भेटून एवढेच म्हटले, ‘याला सकाळी एक तास आधी बोलवा आणि संध्याकाळी एक तास आधी सोडा.’ मालकाचे काही बिघडत नव्हते. उलट दुकान उघडायला आणि मशीन पुसून ठेवायला माणूस मिळाला. मुलगा टिकला.

दुसरी गोष्ट खोलीची. हे जरा अवघड आहे. पारधी मुलाला गावात भाड्याने खोली मिळत नाही. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते, सांगितल्यावर ‘कालच दिली’ असे उत्तर येते. १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. त्या कायद्याच्या जाळ्यात पुढे पारधीही आले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, लोकांच्या मनातला मात्र नातवंडांपर्यंत पोहोचला. अशा वेळी मालकाने घरमालकाला ‘हा माझ्याकडे कामाला आहे, मी जबाबदार’ एवढे एक वाक्य सांगितले, तर जे काम होते ते कुठल्याही दाखल्याने होत नाही. ज्यांनी ते सांगितले, त्यांच्याकडची मुले टिकली.

तिसरी गोष्ट पगाराच्या तारखेची. महिन्याच्या दोन तारखेला कामावर लागलेल्या मुलाला पहिला पगार मिळतो पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. म्हणजे पस्तीस दिवस. आईवडील रोजंदारीवर, त्यांचा चुकारा बाजाराच्या दिवशी, आणि घरात साठवण शून्य. पस्तीस दिवस डबा, बसभाडे, खोलीभाडे आणायचे कुठून? मग मुलगा दोन दिवस सोयाबीनच्या सोंगणीला जातो, रोख पैसे आणतो आणि तिसऱ्या दिवशी कामावर येतो. मालकाच्या वहीत दोन खाडे लागतात. यावर उपाय सोपा आहे. पहिले दोन-तीन महिने आठवड्याला पगार द्यावा. कायद्यालाही तो चालतो. पण इथे एक पथ्य पाळावे. झालेल्या कामाचे पैसे लवकर देणे वेगळे आणि न झालेल्या कामाची उचल देणे वेगळे. पहिल्याने माणूस उभा राहतो, दुसऱ्याने तो बांधला जातो.

चौथी गोष्ट अपमानाची. कारणे विचारताना मुले हे सर्वांत शेवटी सांगत, आणि तेही मान खाली घालून. नावाऐवजी जातीने हाक मारणे, चहाचा कप वेगळा ठेवणे, काही हरवले की आधी त्याच्याकडे पाहणे. एका ठिकाणी मोटर सापडेना, तेव्हा पहिला प्रश्न आमच्या पारधी मुलाला विचारला गेला. मोटर दुरुस्तीला दिलेली होती, दुसऱ्या दिवशी तिचा पत्ता लागला. तोवर मुलगा गाव सोडून गेला होता. त्याच्या नावापुढे ‘न सांगता निघून गेला’ असा शेरा पडला. सर्वांसमोर जातिवाचक बोलून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे मालकाने आणि मुकादमाने जरूर लक्षात ठेवावे. पण कायद्याच्या अलीकडेही बरेच काही असते. वेल्डर म्हणून घेतलेल्या मुलाच्या हातात तीन महिने झाडूच राहिला, तर त्याला कुणी शिवी दिली नाही तरी जे कळायचे ते कळते.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन अडचणी असतात : स्वच्छतागृह आणि अंधार. दवाखान्यात, दुकानात, पॅकिंगच्या कामावर आदिवासी मुली उत्तम काम करतात, हे मी पाहिले आहे. कडी असलेले स्वच्छतागृह आणि उजेड असताना घरी पोहोचण्याची सोय नसेल, तर आईवडील मुलीला पाठवत नाहीत. ते योग्यच करतात.

कुणी म्हणेल, एवढे सगळे मालकानेच का करावे? त्याने धंदा करायचा की समाजकार्य? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो. नवा मुलगा हाताशी येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. तेवढ्या काळात रॉड वाया जातात, पत्रा बिघडतो, आणि मिस्त्रीचा वेळ जातो तो वेगळाच. तो मुलगा निघून गेला की ही सगळी गुंतवणूक पाण्यात. पुन्हा नवा मुलगा, पुन्हा तोच खर्च. आपल्या जिल्ह्यातली शिकलेली मुले पुण्याकडे, चाकणकडे जातात, ही तक्रार सगळेच मालक करतात. ज्याचे घर, शेतीचा तुकडा आणि माणसे इथेच आहेत, त्या मुलाला बसच्या एका तासासाठी गमावणे हा कुठला हिशेब? डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. रस्त्याने धंदा येईल, पण धंद्याला हातही लागतील.

सरकारच्या बाजूने काय आहे, तेही थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण आहे. खासगी क्षेत्रात तसे बंधन नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगपतींना या कामी स्वतःहून पुढे यायला सांगितले. त्यानंतर उद्योगसंघटनांनी सभासदांसाठी आचारसंहिता केली. पण ती ऐच्छिक, आणि तिची बातमी आपल्या जिनिंगपर्यंत पोहोचली असे मला कधी दिसले नाही. शिकाऊ उमेदवारीचे तसे नाही. १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याहून लहान दुकानांनाही ते घेता येतात. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद आहे, आणि २०१६ पासूनच्या केंद्र सरकारच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवली. अशा योजनांनी दार उघडते, हे खरे. पण मुदत संपल्यावर मालक त्या मुलाला स्वतःच्या पगारावर ठेवतो की हात जोडतो, यावर सगळे अवलंबून असते. सरकारचे पैसे माणसाला कामावर आणतील. त्याला तिथे ठेवणे मालकाच्याच हाती आहे.

आणखी एक बाब कागदांची. ‘जातीचा दाखला नाही, वैधता नाही’ म्हणून मुले कामाला जायला कचरतात आणि मालकही घेताना बिचकतात. खासगी कामावर घ्यायला जातवैधता प्रमाणपत्र लागत नाही. ओळखीचा पुरावा, वयाचा पुरावा आणि बँकेचे खाते असले की पुरते. उलट एक कागद मालकाने द्यायचा असतो, तो नेमणूकपत्राचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नेमणूकपत्राची तरतूद आहे. ज्याच्या घरात आजवर कुणाच्याच नावाचे असे पत्र आले नाही, त्या मुलासाठी तो नुसता कागद नसतो. तो ते आईला दाखवतो, घडी घालून पेटीत ठेवतो. मी हे पाहिले आहे.

हा प्रश्न काही आपलाच नाही. कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांना काम मिळणे आणि ते टिकणे अवघड जाई. १९८६ मध्ये तिथे रोजगार समानतेचा कायदा झाला. केंद्राच्या अखत्यारीतल्या मोठ्या आस्थापना, म्हणजे बँका, रेल्वे, विमान कंपन्या अशांना तो लागू आहे. त्यात मालकाने दरवर्षी किती मूळ रहिवासी घेतले एवढेच सांगून चालत नाही. किती जणांना बढती मिळाली आणि किती जण सोडून गेले, हेही कळवावे लागते. मला यातली सोडून गेलेल्यांची मोजणी फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये अँड्र्यू फॉरेस्ट या उद्योगपतीने तिथल्या आदिवासींसाठी पन्नास हजार नोकऱ्यांचा संकल्प सोडला. कंपन्यांनी भराभर आश्वासने दिली, पण आश्वासने आणि प्रत्यक्षात भरलेल्या जागा यांत बरेच अंतर राहिले. दोन्हीकडचा धडा एकच आहे. आकडा जाहीर करणे सोपे असते, माणूस वर्षभरानंतर तिथे आहे का हे पाहणे कठीण.

गुणवत्तेबद्दलही एक शब्द. दहावी नापास म्हणजे काही येत नाही, असे आपण धरून चालतो. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे, आजूबाजूला गवताळ माळराने आहेत. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी या माळरानांवर पावसाळ्यात येतो. त्याचे ठिकाण कोणते, तो कोणत्या गवतात लपतो, हे फासेपारध्यांइतके कुणाला ठाऊक? पिढ्यान्‌पिढ्या फास लावणाऱ्यांचे हे ज्ञान. वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ या संस्थेने त्याच ज्ञानाच्या आधारे, त्याच लोकांना बरोबर घेऊन माळराने आणि पक्षी राखण्याचे काम उभे केले. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना रानवाटा दाखवतात. काल ज्यांच्याकडे शिकारी म्हणून बोट दाखवले, त्यांचीच नजर आज कामाला येते. प्रत्येक मालकाला तणमोर राखायचा नसतो, हे कबूल. पण माणसाला काय येत नाही हे विचारण्याआधी काय येते हे विचारले, तर दाल मिलमध्येसुद्धा उपयोगाचे उत्तर मिळते.

मग मालकाने करायचे काय? नवी जागा निघाली की फक्त आपल्या कामगाराच्या कानात सांगू नये. आयटीआयला, जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्राला, जवळच्या आश्रमशाळेला कळवावे. शक्यतो एकटा मुलगा घेऊ नये, दोघे घ्यावेत, कारण एकट्याला जेवणाच्या सुट्टीत बसायला कुणी नसते. पहिल्या दिवशी त्याला एका जाणत्या मिस्त्रीच्या हवाली करावे आणि ‘हा तुमच्या जबाबदारीवर’ असे सर्वांसमोर सांगावे. सुट्ट्यांचे आधीच ठरवावे : सोंगणीचे दिवस, कुलदैवताचा कार्यक्रम, घरातले लग्न. ठरलेली सुट्टी हा खाडा नव्हे. सहा महिन्यांनी पगार आणि काम दोन्ही थोडे वाढवावे, म्हणजे पुढे वाट आहे हे त्याला दिसते. आणि तो आला नाही, तर रागाने नाव कापण्याआधी एक फोन करावा.

मुलांनाही माझे सांगणे असे : अडचण आली तर घरी बसू नका. मालकाला सांगा, त्याला सांगायचा संकोच वाटला तर मिस्त्रीला सांगा, नाहीतर आपल्या गुरुजींना. न सांगता पडलेला एक दिवस तुमच्या मागून येणाऱ्या दहा जणांच्या नावावर लिहिला जातो. हे न्यायाचे नाही, पण आजघडीला ते तसे आहे.

शेवटी एक आशेची गोष्ट सांगतो. बसच्या वेळेमुळे जो जाणार होता, तो आंध मुलगा त्या दुकानात कटिंगचे काम स्वतंत्रपणे पाहू लागला. पुढे मालकाला आणखी एक माणूस हवा होता. त्याने नेहमीच्या पद्धतीने आपल्या कामगारांना सांगितले, ‘एखादं पोरगं असलं तर घेऊन ये.’ या वेळी ते वाक्य त्या मुलाच्याही कानावर पडले. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या वस्तीवरचा एक मुलगा त्याच्यासोबत सकाळच्या एसटीने आला. त्या वस्तीला कारखान्याची वाट सापडली ती अशी, एक माणूस आत टिकला म्हणून.